रुथेनियमच्या प्रकाशात जिवाणू पाहणे आणि मारणे: प्रयोगशाळेतील काम कसे मांडावे

जिवाणूंना एखादे रंगद्रव्य चिकटवायचे, त्यावर योग्य तरंगलांबीचा प्रकाश टाकायचा आणि त्यातून निर्माण होणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजनकरवी जिवाणू मारायचे, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याच्या विरल द्रावणातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात आणि अंधारात बराच काळ तग धरतात, हे म्युनिकमध्ये ऑस्कर राब या वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आले आणि १९०० मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. पुढे प्रतिजैविके आली आणि जिवाणूंच्या बाबतीत हा विषय मागे पडला. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे, आणि या पार्श्वभूमीवर प्रकाशोपचाराकडे पुन्हा गांभीर्याने पाहिले जात आहे.

हा लेख रसायनशास्त्रात किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. अथवा पीएच.डी. करणाऱ्या आणि या कामाला नव्याने हात घालणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. रसायनशास्त्राकडून आलेल्यांना संयुग तयार करणे जमते, पण वसाहती (आगरवर जिवाणूंच्या वाढीने दिसणारे ठिपके) मोजताना त्यांची गडबड होते. सूक्ष्मजीवशास्त्राकडून आलेले प्लेट उत्तम लावतात, पण दिवा किती प्रकाश देतो हे मोजायचे राहून जाते. दोन्ही बाजू एकाच हाताने सांभाळाव्या लागतात, म्हणून येथे दोन्ही एकत्र मांडल्या आहेत.

उत्तेजित अवस्थेचा हिशेब

कॉम्प्लेक्स म्हणजे मध्यभागी धातूचा आयन आणि त्याला बांधलेले रेणू, म्हणजे लिगंड. उदाहरणासाठी रुथेनियम या धातूचे ट्रिस-बायपिरिडीन हे सर्वांत अभ्यासलेले कॉम्प्लेक्स घेऊ. पाण्यात त्याचे शोषण सुमारे ४५२ नॅनोमीटरवर सर्वाधिक असते आणि तेथे त्याचा मोलर शोषणांक साधारण १४,६०० भरतो. निळा प्रकाश शोषला की धातूवरचा इलेक्ट्रॉन लिगंडवर जातो, आणि रुथेनियमच्या जड अणूमुळे ही अवस्था जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षमतेने ट्रिप्लेट या जास्त काळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत उतरते. ही ट्रिप्लेट अवस्था ६१० ते ६२० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी-लाल प्रकाश देते. शोषण आणि उत्सर्जन यांमध्ये दीडशे नॅनोमीटरहून जास्त अंतर असल्याने सूक्ष्मदर्शकात दोन्ही प्रकाश वेगळे करणे सोपे जाते.

याच ट्रिप्लेट अवस्थेला जवळ ऑक्सिजनचा रेणू भेटला, तर ती आपली ऊर्जा त्याला देऊन टाकते आणि सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचे उत्तेजित, क्रियाशील रूप, तयार होतो. ट्रिप्लेट अवस्थेची ऊर्जा सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि सिंगलेट ऑक्सिजनला सुमारे ०.९८ पुरतात, त्यामुळे ऊर्जेची अडचण येत नाही. ऑक्सिजन काढून टाकलेल्या पाण्यात या अवस्थेचे आयुष्य सुमारे ६०० नॅनोसेकंद असते, तर हवेच्या संपर्कातील पाण्यात ते ४०० नॅनोसेकंदांच्या खाली येते. याचा अर्थ असा, की हवेतल्या पाण्यात उत्तेजित रेणूंपैकी एक तृतीयांशाहून थोडे अधिक रेणू ऑक्सिजनमुळे विझतात आणि उरलेले प्रकाश देऊन किंवा उष्णता टाकून शांत होतात.

या विषयातील सारे नियोजन येथून सुरू होते. जिवाणू दिसण्यासाठी लागणारा प्रकाश आणि जिवाणू मारण्यासाठी लागणारा सिंगलेट ऑक्सिजन हे दोन्ही खर्च एकाच पगारातून भागवायचे असतात. नायट्रोजनखाली झगझगीत दिसणारे संयुग उत्तम मारक असेलच असे नाही. आणि जिवाणू मिसळल्यावर एखाद्या संयुगाचे उत्सर्जन वाढले, तर ते जिवाणूला घट्ट बांधले गेले म्हणून वाढले, की त्याच्यापर्यंत ऑक्सिजन पोहोचेनासा झाला म्हणून वाढले, हे तपासल्याशिवाय आनंद मानू नये. १९९० मध्ये जॅकलीन बार्टन, झाँ-पिएर सोवाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेले डीपीपीझेड लिगंडचे रुथेनियम कॉम्प्लेक्स पाण्यात जवळजवळ अंधारे असते आणि डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरले की उजळते. तेथे उजळण्याचे कारण पाण्यापासून मिळालेला आडोसा हे आहे. आपल्या संयुगाच्या बाबतीत कारण कोणते, हे आयुष्य मोजून ठरवावे. नुसत्या तीव्रतेवरून ठरवू नये.

कोणते संयुग घ्यावे

ट्रिस-बायपिरिडीन कॉम्प्लेक्स बाजारात सहज मिळते, पाण्यात विरघळते आणि त्याचे गुणधर्म पक्के माहीत आहेत, म्हणून ते तुलनेसाठी नेहमी हाताशी असावे. मारक म्हणून मात्र ते फार प्रभावी नाही, कारण ते जास्त पाणीस्नेही असल्याने जिवाणूच्या पटलात (पेशीभोवतीच्या मेदयुक्त पातळ आवरणात) नीट बसत नाही. सिंगलेट ऑक्सिजन पाण्यात अवघे ३ ते ४ मायक्रोसेकंद टिकतो आणि तेवढ्या वेळात साधारण शंभर-दीडशे नॅनोमीटरच सरकतो. म्हणून संयुग जिवाणूच्या अंगाला लागलेले असणे हे त्याची क्वांटम कार्यक्षमता थोडीफार जास्त असण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते. बायपिरिडीनच्या जागी फेनँथ्रोलीन, आणि त्याहून पुढे डायफेनिल-फेनँथ्रोलीन घेतले की मेदस्नेह वाढतो आणि पटलाशी असलेली जवळीकही वाढते.

फेनँथ्रोलीनच्या धातू-कॉम्प्लेक्सचा जिवाणूंवरचा परिणाम ऑस्ट्रेलियाचे फ्रान्सिस ड्वायर यांनी १९५० च्या दशकातच अभ्यासायला घेतला होता. त्याच देशात, टाउन्सविल येथील जेम्स कुक विद्यापीठात, पुढे रिचर्ड कीन आणि ग्रँट कॉलिन्स यांच्या गटाने लांब मिथिलीन साखळीने जोडलेली दोन रुथेनियम केंद्रांची संयुगे केली, जी प्रकाशाशिवायही जिवाणू मारतात. इंग्लंडमधील शेफील्ड येथे जिम थॉमस यांच्या गटाने २०१९ मध्ये दोन केंद्रांचे असे एक कॉम्प्लेक्स दाखवले, की जे ग्राम-ऋण जिवाणूंना मारते आणि त्याच्याच उत्सर्जनावर अतिविभेदी (साध्या प्रकाशीय मर्यादेपेक्षा बारीक तपशील दाखवणारे) सूक्ष्मदर्शनही करता येते. ही उदाहरणे आवर्जून सांगण्याचे कारण असे, की यांतल्या काही संयुगांचा अंधारातला परिणाम मोठा आहे. तो वेगळा काढल्याशिवाय प्रकाशाला श्रेय देता येत नाही.

ग्राम-धन आणि ग्राम-ऋण जिवाणूंमधला फरक येथे निर्णायक आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या ग्राम-धन जिवाणूची भिंत जाड पण सच्छिद्र असते. ई. कोलाय किंवा स्यूडोमोनास यांना त्याबाहेर आणखी एक पटल असते, त्यावर लिपोपॉलिसॅकराइडचा ऋणभारित थर असतो आणि तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या आयनांनी बांधलेला असतो. उदासीन किंवा ऋणभारित रंगद्रव्ये हा थर सहसा ओलांडत नाहीत. धनभारित रुथेनियम कॉम्प्लेक्स आणि धनभारित पॉलिमर यांना जो फायदा मिळतो तो याच ठिकाणी. फक्त ग्राम-धन जिवाणूवर चाचणी घेऊन ‘जिवाणूनाशक’ असा शिक्का मारू नये.

इरिडियमची कॉम्प्लेक्स अधिक तेजस्वी असतात आणि लिगंड बदलून निळ्यापासून लाल रंगापर्यंत नेता येतात. परंतु बरीचशी दृश्य प्रकाश कमी शोषतात, त्यामुळे त्यांना जांभळ्याकडचा प्रकाश द्यावा लागतो. सुरुवात रुथेनियमने करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

द्रावण आणि शुद्धता

कॉम्प्लेक्स स्वतः तयार करणार असाल, तर रुथेनियम ट्रायक्लोराइडपासून आधी दोन बायपिरिडीन असलेले डायक्लोरो संयुग करून मग तिसरा लिगंड इथेनॉल-पाण्यात उकळून जोडणे ही रुळलेली वाट आहे. शेवटी अमोनियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट टाकून अवक्षेप काढतात. हा मीठरूप पदार्थ स्तंभावर शुद्ध करायला सोयीचा, पण पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून जिवाणूंकडे नेण्याआधी आयन-विनिमयाने क्लोराइड रूप करून घ्यावे. आळस करून सगळे डीएमएसओ (डायमिथिल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवण्याचा मोह होतो. तसे करावेच लागले, तर अंतिम द्रावणात डीएमएसओ १ टक्क्याच्या खाली ठेवावे आणि तेवढेच डीएमएसओ कंट्रोलमध्येही घालावे, कारण ते पटल सैल करते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकलही टिपते.

शुद्धतेबद्दल एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. मोकळे फेनँथ्रोलीन स्वतःच लोह व जस्त पकडून ठेवते आणि त्यामुळे जिवाणूंची वाढ रोखते. कॉम्प्लेक्समध्ये ते थोडेसे जरी उरले, तरी अंधारातला परिणाम कॉम्प्लेक्सच्या नावावर जमा होतो. एनएमआर आणि एचपीएलसी या शुद्धता दाखवणाऱ्या दोन्ही चाचण्या पाहिल्याशिवाय जिवाणूंचे काम सुरू करू नये.

ट्रिस-बायपिरिडीन क्लोराइड हेक्झाहायड्रेटचे रेणुभार ७४८.६ आहे, म्हणजे ७.५ मिलिग्रॅम १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घातले की जवळपास १ मिलिमोलर साठा-द्रावण मिळते. वजनावर विसंबून न राहता विरल करून ४५२ नॅनोमीटरवरचे शोषण मोजावे आणि संहती तेथून काढावी. हायड्रेट क्षारांचे पाणी कमी-जास्त होत असते. बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळावी. त्यानंतर तेच द्रावण फॉस्फेट बफर सलाइनमध्ये आणि वाढीच्या माध्यमात २४ तास अंधारात, तसेच प्रयोगात देणार तेवढ्या प्रकाशात ठेवून वर्णपट पुन्हा घ्यावा. वर्णपट बदलला, तर जिवाणूंवर नेमके कोणते संयुग काम करत आहे हे आपल्याला सांगता येणार नाही.

सिंगलेट ऑक्सिजन मोजण्याची सर्वांत थेट पद्धत म्हणजे त्याचे १२७० नॅनोमीटरवरचे क्षीण उत्सर्जन पकडणे, पण त्यासाठी अवरक्त डिटेक्टर लागतो. तो नसेल तर एबीडीए हा पाण्यात विरघळणारा अँथ्रासीनवर्गी पदार्थ वापरावा; सिंगलेट ऑक्सिजनशी संयोग झाला की त्याचे ३८० आणि ४०० नॅनोमीटरजवळचे शोषण उतरत जाते. प्रकाश टाकत दर मिनिटाला वर्णपट घ्यावा आणि उताराचा वेग ट्रिस-बायपिरिडीनशी ताडून पाहावा, मात्र दोघांचे दिव्याच्या तरंगलांबीवरचे शोषण आधी सारखे करून घ्यावे. सिंगलेट ऑक्सिजन सेन्सर ग्रीन हे लोकप्रिय रंगद्रव्य प्रकाशात स्वतःही थोडा सिंगलेट ऑक्सिजन करते, म्हणून त्याचा फक्त-प्रकाश कंट्रोल कधीही वगळू नये.

प्रकाश मोजण्याची शिस्त

प्रकाशाची मात्रा ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर या एककात देतात. दिव्याची तीव्रता मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजून तिला सेकंदांनी गुणावे आणि हजाराने भागावे. २० मिलिवॅटच्या प्रकाशात १० मिनिटे ठेवले, तर मात्रा १२ ज्यूल होते. दिव्याच्या खोक्यावर छापलेले वॅट येथे निरुपयोगी आहेत. पॉवर मीटरचा सेन्सर प्लेट जेथे असणार त्याच उंचीवर ठेवून, मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत मोजमाप घ्यावे. स्वस्त एलईडी पट्ट्यांखाली कोपऱ्यातल्या वाट्यांना (प्लेटमधल्या छोट्या खळग्यांना) मधल्या वाट्यांच्या निम्माही प्रकाश मिळत नाही, आणि हा फरक नंतर संयुगाचा परिणाम म्हणून वाचला जातो. झाकणावर बाष्प साचत असेल तर प्रकाश विखुरतो. खालून प्रकाश देण्याची सोय असेल तर ती बरी.

द्रावण किती प्रकाश शोषते याचाही एकदा हिशेब करून ठेवावा. ९६ वाट्यांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर द्रावणाची उंची साधारण ०.६ सेंटिमीटर असते. १० मायक्रोमोलर ट्रिस-बायपिरिडीनचे तेवढ्या उंचीला शोषण ०.०९ भरते, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम एक पंचमांश कामी येतो. संहती दहापट वाढवली तर जवळजवळ ९० टक्के प्रकाश शोषला जातो, पण मग वरचा थर सगळे घेऊन बसतो आणि तळाच्या जिवाणूंना फार थोडे मिळते. संहती वाढवूनही मारकता वाढत नाही अशी तक्रार पुष्कळदा याच कारणाने येते.

तापमानही पाहावे. प्रकाश देताना बाजूला छोटा पंखा लावावा आणि एका रिकाम्या वाटीतल्या बफरमध्ये थर्मोकपल ठेवावा. चाळिशीच्या पुढे गेलेल्या तापमानाने मेलेले जिवाणू प्रकाशरसायनाच्या खात्यात जाता कामा नयेत. निळ्या प्रकाशाकडे थेट पाहू नये, नारिंगी चष्मा लावावा.

जिवाणू, वाट्या आणि वसाहती

प्रमाणित वाण वापरावेत. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम आणि चंडीगडचे एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या दोन संग्रहांतून ते रीतसर मागवता येतात. एका वसाहतीपासून रात्रभर वाढवलेले जिवाणू सकाळी ताज्या माध्यमात सोडून वाढीच्या मधल्या टप्प्यापर्यंत न्यावेत, सेंट्रिफ्यूज करून फॉस्फेट बफर सलाइनने दोनदा धुवावेत. हे धुणे वरवरचे असू नये, कारण म्यूलर-हिंटन माध्यमातली पेप्टाइडे आणि रंगीत द्रव्ये संयुग बांधून ठेवतात, प्रकाश अडवतात आणि सिंगलेट ऑक्सिजन खाऊन टाकतात. नंतर मॅकफार्लंड या धूसरतेच्या प्रमाणित मापावरील ०.५ शी जुळवावे, ई. कोलायसाठी हे मिलिलिटरमागे साधारण १५ कोटी पेशींइतके होते. तेथून पंधरापट विरल केले की मिलिलिटरमागे सुमारे १ कोटी पेशींचे सोयीचे निलंबन (द्रवात तरंगणाऱ्या पेशींचे मिश्रण) मिळते. फार दाट निलंबन घेतले, तर पेशी स्वतःच पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि २५ अंशांवर हवेशी समतोल असलेल्या पाण्यात तो मुळातच ०.२६ मिलिमोलरच्या आसपास असतो.

संयुग घालून ३७ अंशांवर ३० मिनिटे अंधारात ठेवावे. नंतर अर्धे नमुने धुऊन आणि अर्धे न धुता प्रकाशात न्यावेत. दोन्हींतला फरक फार बोलका असतो: धुतल्यावर परिणाम टिकला तर संयुग पेशीला खरोखर चिकटले आहे, आणि धुतल्यावर नाहीसा झाला तर बाहेरच्या द्रावणात तयार झालेला सिंगलेट ऑक्सिजन काम करत होता. पेशींनी किती संयुग घेतले हे आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या उपकरणाने रुथेनियम मोजून, किंवा साधन नसेल तर वर राहिलेल्या द्रावणाचे शोषण मोजून काढता येते.

कंट्रोल चार असतात आणि चारही प्रत्येक वेळी लागतात: संयुग नाही व प्रकाश नाही, संयुग आहे पण अंधार, प्रकाश आहे पण संयुग नाही, आणि दोन्ही. तिसऱ्याला हलके लेखू नये. जिवाणूंमध्ये स्वतःची पॉर्फिरिने ही प्रकाश शोषणारी द्रव्ये असतात आणि ती ४०५ नॅनोमीटरजवळ, कमी प्रमाणात ४५० नॅनोमीटरलाही, प्रकाश शोषून जिवाणूलाच मारतात. मात्रा मोठी असेल तर नुसता निळा प्रकाशही वसाहती कमी करतो.

मोजणीसाठी दहापट विरलीकरणाची मालिका करून आगरवर १० मायक्रोलिटरचे थेंब लावावेत. थेंब लावताना पिपेटचे टोक आगरला टेकवू नये, आणि प्लेट आधी लॅमिनार फ्लोमध्ये झाकण उघडे ठेवून थोडी सुकवलेली असावी, नाहीतर थेंब पसरून शेजारच्या थेंबात मिसळतो. थेंबात ३ ते ३० वसाहती असलेले विरलीकरण मोजावे. या पद्धतीत विरल न केलेल्या नमुन्याच्या थेंबात एक वसाहत आली, तर ती मिलिलिटरमागे १०० पेशी दाखवते. म्हणजे शून्य वसाहतींचा अर्थ ‘सगळे मेले’ असा नसून ‘१०० पेक्षा कमी उरले’ असा आहे. तसेच लिहावे. आणखी खोल जायचे असेल तर १०० मायक्रोलिटर पूर्ण प्लेटवर पसरवावे.

निकाल टक्क्यांत न देता दहाच्या घातांत द्यावा. ९० टक्के जिवाणू मेले हे ऐकायला मोठे वाटते, पण १ कोटीतले १० लाख तेव्हाही जिवंत असतात आणि काही तासांत पुन्हा तेवढेच होतात. जिवाणूनाशक म्हणण्यासाठी किमान तीन घातांची घट, म्हणजे ९९.९ टक्के, ही प्रचलित मर्यादा आहे. हे सगळे होईपर्यंत खोलीतला पांढरा प्रकाश मंद ठेवावा. रुथेनियम कॉम्प्लेक्स लाल प्रकाश जवळजवळ शोषत नसल्याने मंद लाल दिव्यात काम करणे सर्वांत सुरक्षित. ‘अंधार’ कंट्रोलच्या प्लेट ट्यूबलाइटखाली लावल्या जातात, आणि मग संयुग अंधारातही मारक आहे असा खोटा निष्कर्ष निघतो.

सूक्ष्मदर्शकाखाली

ई. कोलाय सुमारे २ मायक्रोमीटर लांब आणि स्टॅफिलोकॉकस जेमतेम १ मायक्रोमीटर व्यासाचा असतो. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता २०० ते २५० नॅनोमीटर असते. म्हणजे आत काय चालले आहे हे दिसायला जागा फार थोडी आहे, आणि जिवाणू हलला तर तीही जाते. त्यासाठी बफरमध्ये १ ते १.५ टक्के ॲगरोज उकळून दोन काचपट्ट्यांच्या मध्ये पातळ थर जमवावा, त्यावर धुतलेल्या निलंबनाचे २ मायक्रोलिटर ठेवावेत, थेंब शोषला जाईपर्यंत मिनिटभर थांबावे आणि मगच कव्हरस्लिप ठेवावी. घाई केली तर पेशी थरावर न बसता पाण्यात तरंगत राहतात.

४५८ किंवा ४८८ नॅनोमीटरचा लेझर आणि ६०० ते ७०० नॅनोमीटरची उत्सर्जन खिडकी रुथेनियमला जुळते. मृत पेशी दाखवण्यासाठी नेहमीचे प्रोपिडियम आयोडाइड हे रंगद्रव्य येथे चालत नाही, कारण त्याचे लाल उत्सर्जन रुथेनियमच्या उत्सर्जनावरच येऊन पडते. त्याऐवजी सायटॉक्स ग्रीन हे मृत पेशींत शिरणारे हिरवे रंगद्रव्य घ्यावे आणि ते ५१० ते ५४० नॅनोमीटरच्या खिडकीतून पाहावे. प्रत्येक रंगद्रव्य एकेकटे लावलेले नमुने दोन्ही खिडक्यांतून पाहून गळती किती आहे हे आधी ठरवावे.

जिवाणूंची स्वतःची चमक, म्हणजे मुख्यतः फ्लेविनांची, काही नॅनोसेकंदांत विझते. रुथेनियमची शेकडो नॅनोसेकंद टिकते. पल्स लेझर आणि वेळेनुसार मोजणारा डिटेक्टर उपलब्ध असेल, तर पहिले ५० ते १०० नॅनोसेकंद सोडून दिल्यावर उरणारे चित्र अतिशय स्वच्छ येते. शिवाय आयुष्याच्या नकाशावरून ऑक्सिजन कुठे कमी आहे याचाही अंदाज घेता येतो, जो बायोफिल्मच्या, म्हणजे पृष्ठभागावर चिकटलेल्या जिवाणूंच्या थराच्या, बाबतीत फार उपयोगी आहे: थराच्या तळाशी ऑक्सिजन कमी असतो, तेथे संयुग अधिक उजळते आणि नेमके तेथेच कमी मारते. अशा ठिकाणी प्रकाश सलग न देता मध्ये विश्रांती ठेवून दिला, तर ऑक्सिजन पुन्हा आत झिरपायला अवधी मिळतो.

चित्रांचा अर्थ लावताना सर्वांत मोठा धोका असा, की पाहण्याचा लेझर हाच उपचाराचा प्रकाश असतो. १० मायक्रोवॅटचा लेझर ०.३ मायक्रोमीटरच्या ठिपक्यावर केंद्रित झाला, की त्या ठिपक्यावर चौरस सेंटिमीटरमागे हजारो वॅट पडतात. धनभारित कॉम्प्लेक्स प्रथम पटलावर बसते. पटल फाटले की आत शिरून डीएनए आणि आरएनएला चिकटते. त्यामुळे ‘संयुग पेशीच्या आत जाते’ असे दाखवणारे सुंदर चित्र प्रत्यक्षात पेशी मेल्यानंतरचे असू शकते. उपाय साधा आहे: त्याच जागेची, अगदी कमी लेझरशक्तीवर, वेळेच्या अंतराने चित्रमालिका घ्यावी आणि पहिल्या चौकटीत काय दिसले ते स्वतंत्रपणे नोंदवावे.

प्रकाश देणारे पॉलिमर

पॉलिफ्लुओरीन, पॉलिथायोफीन, पॉलिफेनिलीन-इथायनिलीन अशा संयुग्मित साखळ्यांच्या बाजूला चतुर्थक अमोनियमचे गट लावले, की पाण्यात विरघळणारे, तेजस्वी आणि धनभारित पॉलिमर मिळतात. डेव्हिड व्हिटन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा पॉलिमरची प्रकाशातील जिवाणूनाशकता दाखवली. एकाच साखळीवर शेकडो धनभार असल्याने ते जिवाणूच्या ऋण पृष्ठभागाला अतिशय घट्ट धरतात, आणि साखळीवर कुठेही शोषलेली ऊर्जा साखळीभर सरकत असल्याने, थोडेसे रुथेनियम किंवा पॉर्फिरिन साखळीत गुंफले तरी सगळी ऊर्जा त्याच्याकडे वळवता येते. रंगद्रव्य आणि मारक यांची कामे अशी वाटून देणे हा मला या क्षेत्रातला सर्वांत आशादायक मार्ग वाटतो, कारण एकाच अवस्थेतून दोन्ही खर्च भागवण्याचा पेच त्यामुळे थोडा सुटतो.

पॉलिमर हाताळताना काही वेगळ्या काळज्या घ्याव्या लागतात. संहती पुनरावर्ती एककांच्या मोलरमध्ये द्यावी, कारण साखळीची लांबी प्रत्येक खेपेला बदलते. सुझुकी या पॅलेडियम-उत्प्रेरित पद्धतीने जोडलेल्या पॉलिमरमध्ये पॅलेडियम उरते. त्यासाठी धातू पकडणारी राळ वापरावी आणि नंतर ३.५ किलोडाल्टनच्या पडद्यातून दोन-तीन दिवस डायलिसिस करून आखूड तुकडेही काढून टाकावेत. क्षारयुक्त बफरमध्ये साखळ्या गोळा होतात आणि उत्सर्जन घटते, म्हणून पाणी आणि बफर दोन्हींतले वर्णपट घ्यावेत. प्लास्टिकच्या नळ्या आणि टिपा पॉलिमर शोषून घेतात. विरल द्रावणे आयत्या वेळी करावीत.

पण खरी फसगत वसाहतींच्या मोजणीत होते. धनभारित पॉलिमर जिवाणूंना एकमेकांना चिकटवतात. दहा जिवंत पेशींचा गोळा आगरवर एकच वसाहत देतो आणि कागदावर एका घाताची घट दिसते, जरी एकही पेशी मेलेली नसली तरी. म्हणून अंधारातल्या नमुन्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पॉलिमरचा कोणताही आकडा स्वीकारू नये. गोळे दिसत असतील तर पॉलिमरची संहती कमी करावी, आणि सायटॉक्स ग्रीनसारखी वसाहतींवर अवलंबून नसलेली दुसरी पद्धत जोडीला घ्यावी.

मारण्याचे कारण तपासणे

सोडियम अझाइड सिंगलेट ऑक्सिजन टिपते, मॅनिटॉल हायड्रॉक्सिल रॅडिकल टिपते, कॅटालेज हायड्रोजन पेरॉक्साइड मोडते. आणि जड पाण्यात (हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या पाण्यात) सिंगलेट ऑक्सिजनचे आयुष्य ६५ मायक्रोसेकंदांच्या पुढे जाते, त्यामुळे त्याचा वाटा असेल तर मारकता वाढते. यांपैकी एकावर विसंबून निष्कर्ष काढू नये. अझाइड स्वतः जिवाणूंच्या श्वसनाला बाधक आहे आणि काही रंगद्रव्यांबरोबर त्याचे मारक रॅडिकलही होतात, म्हणून अझाइडचा उलटा परिणाम दिसला तर गोंधळून जाऊ नये. ते अत्यंत विषारी आहे. त्यात आम्ल मिसळू नये आणि ते बेसिनमध्ये ओतू नये, कारण शिसे किंवा तांब्याच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार साचतात.

माणसाच्या पेशी आणि पुढचे काम

जिवाणूंसाठी जी संहती आणि जी प्रकाशमात्रा ठरली, नेमकी तीच त्वचेच्या केराटिनोसाइट आणि फायब्रोब्लास्ट पेशींना देऊन पाहावी. लाल रक्तपेशी फुटतात का तेही तपासावे. एमटीटी चाचणीआधी (जिवंत पेशी रंगावरून मोजण्याआधी) पेशी धुऊन घ्याव्यात, अन्यथा संयुगाचा रंग मोजणीत मिसळतो. निळा प्रकाश त्वचेत साधारण एक मिलिमीटरच्या आतच संपतो, म्हणून अशा संयुगांचा उपयोग उघड्या जखमा, भाजलेली त्वचा, हिरड्या, वैद्यकीय उपकरणांचे पृष्ठभाग अशा ठिकाणीच संभवतो. माद्रिदच्या कॉम्प्लुटेन्से विद्यापीठात गिलेर्मो ओरेयाना आणि डेव्हिड गार्सिया-फ्रेस्नाडिल्यो यांच्या गटाने डायफेनिल-फेनँथ्रोलीनचे रुथेनियम कॉम्प्लेक्स सच्छिद्र सिलिकोनवर (रबरासारख्या पॉलिमरवर) बसवून सूर्यप्रकाशात पाणी निर्जंतुक करण्याचे काम केले आहे. भरपूर ऊन असलेल्या प्रदेशांसाठी ही दिशा विशेष विचार करण्याजोगी आहे. टीएलडी १४३३ हे रुथेनियमचे कॉम्प्लेक्स मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले आहे आणि तेथे हिरवा प्रकाश वापरला जातो. जिवाणूंसाठीही शोषण हिरव्या-लाल भागाकडे सरकवणे हे पुढचे खरे रासायनिक काम आहे.

निकाल लिहिताना दिव्याची तरंगलांबी, प्लेटच्या पातळीवर मोजलेली तीव्रता, वेळ, द्रावणाची उंची, धुतले की नाही, जिवाणूचा संग्रह-क्रमांक, वाढीचा टप्पा आणि सुरुवातीची संख्या एवढे सगळे द्यावे. यांतले एक जरी राहिले तरी दुसऱ्या प्रयोगशाळेला तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. प्रत्येक प्रयोग वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या जिवाणूंवर किमान तीनदा करावा, कारण एकाच प्लेटवरच्या तीन वाट्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. काम संपल्यावर जिवाणू असलेले सर्व साहित्य १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करावे. रुथेनियमची जिवाणूविरहित द्रावणे जड धातूंच्या कचऱ्याच्या स्वतंत्र, नाव लिहिलेल्या बाटलीत जमा करावीत, आणि अझाइड असलेले काहीही त्या बाटलीत अथवा ऑटोक्लेव्हमध्ये जाऊ देऊ नये.